हिरडीलगतचे पांढरे डाग : कीड सुरुवातीलाच घरच्या उपायांनी मागे फिरते का?

केतकी_०७

वरच्या सुळ्यांवर आणि शेजारच्या दातांवर, अगदी हिरडीला लागून, खडूने रेघ ओढावी तसे मळकट पांढरे पट्टे आहेत. दात ओला असताना फिके दिसतात, वाळला की ठळक होतात. कळ नाही, थंड-गरम लागत नाही. तपासणीत सांगितलंय की ही किडीची सुरुवात आहे, खड्डा पडलेला नाही, फिलिंगची गरज नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू.

या सहा महिन्यांत काय करावं, हा प्रश्न आहे. वाचनात आलेले उपाय असे: तेलाच्या गुळण्या, अंड्याच्या टरफलांची पूड, खायचा सोडा आणि लिंबू, कोळशाची पूड, लवंगेचं तेल, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ), हायड्रॉक्सिॲपेटाइटची (दातातल्या खनिजाची) पेस्ट. काही ठिकाणी फ्लोराइड पूर्ण बंद करा असंही लिहिलंय. यातलं खरोखर काय उपयोगाचं, किती प्रमाणात, आणि काय केल्याने उलट नुकसान होतं? जाणकारांनी कारणांसकट सांगावं.

दंतपंक्ती

केतकीताई, उपायांकडे जाण्याआधी तो पांढरा पट्टा म्हणजे नेमकं काय ते समजून घ्या. मग अर्धे उपाय तुमचे तुम्हीच बाद कराल.

इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं टणक आवरण, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. त्यात जिवंत पेशी नाहीत. ते घडवणाऱ्या पेशी दात तोंडात उगवेपर्यंत संपलेल्या असतात. त्यामुळे खरचटलेली कातडी भरून येते तसं इनॅमल भरून येत नाही. झिजलेला, तुटलेला भाग परत उगवत नाही. पण शाबूत सांगाड्यातून निघून गेलेलं कॅल्शियम आणि फॉस्फेट परत आत बसू शकतं. हे काम लाळ दिवसभर करतच असते, कारण लाळेत ही दोन्ही खनिजं भरपूर विरघळलेली असतात. ती परत बसणं हाच खरा नैसर्गिक उपाय. बाकी सगळं त्याला मदत करणारं किंवा आडवं येणारं.

दातावरच्या चिकट थरातले जंतू साखर आणि पिठूळ पदार्थ पचवून आम्ल सोडतात. त्या थराखालचा पीएच (आम्लतेचं माप, अंक जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून खनिज बाहेर पडू लागतं. पीएच वर आला की प्रवाह उलटा फिरतो. गंमत अशी, की खनिज आधी वरच्या पृष्ठभागातून जात नाही, त्याच्या खालून जातं. वर पातळ, बऱ्यापैकी टणक पापुद्रा शिल्लक राहतो आणि खालचा भाग सच्छिद्र होतो. ही छिद्रं प्रकाश विखुरतात, म्हणून डाग पांढरा दिसतो. दात ओला असताना छिद्रांत पाणी असतं, ते प्रकाश कमी विखुरतं. वाळला की हवा भरते आणि डाग उठून दिसतो. डाग फक्त वाळवल्यावरच दिसत असेल तर नुकसान उथळ. ओल्या दातावरही दिसत असेल, जसा तुमचा फिका का होईना दिसतोय, तर ते थोडं खोल गेलंय. तरीही परत फिरण्याजोगं आहे, कारण वरचा पापुद्रा शाबूत आहे.

म्हणून सगळ्यात आधी एक काम बंद करा: तो डाग नखाने, टाचणीने, टूथपिकने खरवडून बघणं. तो पापुद्रा म्हणजे छप्पर आहे. छप्पर फुटलं की आत ब्रश पोचत नाही, जंतूंचा थर तिथे कायमचा राहतो आणि खड्डा होतो. खड्डा कुठल्याही पेस्टने, पुडीने किंवा आहाराने बुजत नाही.

प्रत्येक पांढरा डाग किडीचा नसतो हेही ध्यानात घ्या. लहानपणी जास्त फ्लोराइड पोटात गेल्यामुळे येणारे डाग दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे असतात, ढगाळ रेषांसारखे, आणि हिरडीशी त्यांचा संबंध नसतो. किडीचा डाग थर साचतो तिथे, हिरडीच्या कमानीला धरून चंद्रकोरीसारखा येतो. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारात बसतं. तार लावलेली असेल तर हाच डाग ब्रॅकेटच्या भोवती चौकटीसारखा उमटतो.

रसायनी

दंतपंक्ती यांनी पाया घातलाच आहे. आता यादीतला एकेक उपाय घेऊ. प्रत्येकाला चारच प्रश्न विचारायचे. आम्ल कमी करतो का? विरघळलेलं खनिज देतो का? थर काढतो का? आणि हे करताना दात घासून टाकतो का?

खायचा सोडा आणि लिंबू. हे मिश्रण ताबडतोब सोडा. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते ३ च्या दरम्यान असतो. ५.५ ला खनिज सुटू लागतं म्हटल्यावर हा किती खाली आहे ते बघा. पीएचमधला एकेक अंक म्हणजे दहापट फरक. सोड्यात लिंबू पिळलं की फसफसतं, म्हणजे दोघं एकमेकांना संपवत असतात. शेवटी काय उरलं ते अंदाजपंचे. लिंबू जास्त झालं तर तुम्ही आम्लाने दात घासताय. सुरुवातीला दात पांढरे वाटतात कारण वरचा डाग आणि इनॅमल दोन्ही निघतं. आंबट खाल्ल्यावर दात आंबतात, जिभेला खरखरीत लागतात ना, त्या वेळी पृष्ठभाग मऊ पडलेला असतो. त्यावर ब्रश म्हणजे ओल्या भिंतीवर खराटा.

नुसता सोडा. हा कामाचा आहे, पण चूळ म्हणून. पेलाभर (सुमारे २०० ते २५० मिली) पाण्यात अर्धा चमचा सोडा पूर्ण विरघळवायचा, अर्धा मिनिट तोंडात खळबळवून थुंकायचा. आंबट खाल्ल्यावर, घशात आम्ल वर आल्यावर किंवा उलटी झाल्यावर याचा उपयोग सगळ्यात जास्त, कारण तेव्हा ब्रश करायचा नसतो. सोडा आम्ल मारतो, खनिज देत नाही. त्याने वेळ मिळतो, एवढंच.

अंड्याच्या टरफलांची पूड. टरफल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, पण कॅल्शियम आहे म्हणून दातात जातं असं होत नाही. साध्या लाळेत ते जवळजवळ विरघळत नाही. घरी कितीही वाटलं तरी कणांचा आकार सारखा राहत नाही आणि मोठे कण त्या पापुद्र्यावर ओरखडे काढतात. काहीजण ती व्हिनेगरमध्ये विरघळवायला सांगतात. मग पुन्हा आम्ल आलंच.

इथे एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. सोडियम फ्लोराइडच्या पेस्टमध्ये घरची कॅल्शियमची पूड मिसळली तर फ्लोराइड कॅल्शियमला चिकटून ट्यूबमध्ये किंवा वाटीतच निकामी होऊ लागतं. खडूचा आधार असलेल्या पेस्टमध्ये म्हणूनच सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट हा वेगळा प्रकार वापरतात. त्यामुळे दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की दुप्पट चांगलं, हा हिशेब इथे चालत नाही.

कोळसा. खनिज शून्य, घासण मात्र भरपूर. बारीक काळे कण हिरडीच्या कडेत अडकून बसतात. तुमचे डाग नेमके तिथेच आहेत.

तेलाच्या गुळण्या. कॅल्शियम आणि फॉस्फेट तेलात विरघळत नाहीत, तेव्हा तेल दातात खनिज भरणार कुठून? थर थोडाफार सैल होऊ शकतो आणि तोंड स्वच्छ वाटतं. आवडत असेल तर करा, पण ब्रशऐवजी नाही. तेल गिळू नका, बेसिनमध्येही थुंकू नका, पाईप तुंबतो.

लवंगेचं तेल. त्यातलं युजेनॉल कळ बधिर करतं. तुम्हाला कळ नाहीच, तर लावायचं कशाला? कळ असताना सतत लावत राहिलं तर कीड आत सरकत असते आणि आपल्याला कळत नाही. निखळ तेल हिरडीला लागलं तर तिथलं कातडं पोळतं.

फ्लोराइड. ते बंद करण्याच्या सल्ल्याशी मी अजिबात सहमत नाही. फ्लोराइड खडकातून पाण्यात येणारं नैसर्गिक द्रव्य आहे आणि त्याचा शोधही निसर्गातूनच लागला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात दातांवर तपकिरी डाग का येतात, याचा फ्रेडरिक मॅके हे दंतवैद्य विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माग काढत होते. डागाळलेल्या त्या दातांना कीड कमी लागते हेही त्यांच्या लक्षात आलं. कारण म्हणजे पाण्यातलं जास्त फ्लोराइड, हे १९३१ मध्ये कळलं. डाग जास्त मात्रेचे आणि संरक्षण बेताच्या मात्रेचं, असा तो धडा होता. दातावर ते असं काम करतं: खनिज परत बसत असताना जवळ फ्लोराइड असेल तर बसणारं स्फटिक मूळच्यापेक्षा चिवट होतं. मूळ इनॅमल ५.५ ला विरघळू लागतं, तर फ्लोराइडवालं स्फटिक साधारण ४.५ पर्यंत तग धरतं. पेस्टवर फ्लोराइड १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) लिहिलेलं असावं.

हायड्रॉक्सिॲपेटाइट. ही थोतांड नाही. दाताचंच खनिज अतिसूक्ष्म कणांच्या रूपात असतं. जपानमध्ये १९८० च्या दशकापासून वापरात आहे. चाचण्यांमध्ये साधारण १० टक्के प्रमाणाच्या पेस्ट चांगल्या उतरल्या आहेत. ज्यांना फ्लोराइड नकोच आहे त्यांच्यासाठी हा सगळ्यात समजूतदार पर्याय. पण फ्लोराइडमागे जेवढा पुरावा उभा आहे तेवढा याच्यामागे अजून नाही. आणि पाकिटावर टक्केवारी लिहिलेली नसेल तर ती पेस्ट घेऊ नका.

केतकी_०७

दोघांचेही आभार. लिंबू-सोडा आणि कोळसा बाद. आता रोजचा क्रम कसा ठेवायचा? ब्रश नाश्त्याआधी की नंतर? झायलिटॉल राहिलं. आणि सर्दीच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

सकाळ_संध्याकाळ

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. संबंध आहे, थेट आहे. लाळ कमी म्हणजे आम्ल धुतलं जात नाही आणि खनिजही येत नाही. काहीही न चघळता लाळ मिनिटाला साधारण ०.३ मिली सुटते, चघळताना ती १ ते २ मिलीपर्यंत जाते. झोपेत जवळजवळ बंद होते. सर्दी-ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं आणि तोंड उघडं ठेवून झोपणं, या सगळ्यांनी ती आटते. गोळी स्वतःहून बंद करू नका, पर्याय आहे का ते लिहून देणाऱ्याला विचारा. तोवर साधं पाणी घोट घोट पीत राहा. कोरडेपणावर आंबट गोळ्या चघळायची सवय अनेकांना लागते. त्यापायी धडधाकट दात वर्षभरात खराब होतात.

सकाळी ब्रश नाश्त्याआधी करा. रात्रभर साचलेला थर निघालेला असला की नाश्त्यातल्या साखरेवर आम्ल करायला जंतूच कमी उरतात, आणि दातावर फ्लोराइडही बसलेलं असतं. नंतरच करायचा असेल, विशेषतः आंबट फळ किंवा रस घेतल्यावर, तर निदान अर्धा तास थांबा.

ब्रश मऊ केसांचा. हिरडीकडे ४५ अंशांत तिरका धरून, अर्धे केस दातावर अर्धे हिरडीवर, जागच्या जागी छोटे हेलकावे. एकेका जागी आठ-दहा, मग पुढे सरकायचं. पूर्ण तोंडाला दोन मिनिटं. सुळ्याशी हात वळतो आणि बहुतेकांचा ब्रश तिथेच उडी मारून पुढे जातो, म्हणून सुळ्याच्या हिरडीलगतचा भाग राहून जातो. तुमचे पट्टे तिथे असण्याचं कारण कदाचित हेच. आठवड्यातून एकदा प्लाक, म्हणजे दातावरचा तो जंतूंचा थर, रंगवून दाखवणारी गोळी चघळून बघा. जिथे रंग उरतो तिथे ब्रश पोचत नाही. वादच नको.

आणि सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे: पेस्टचा फेस थुंकायचा, पण पाण्याने चूळ भरायची नाही. चूळ भरली की हव्या त्या जागी पोचलेलं फ्लोराइड धुऊन जातं. दोन-तीन दिवस चव विचित्र वाटते, मग सवय होते. रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नाही. ब्रशच्या आधी फ्लॉस (दातांमधल्या फटी साफ करायचा धागा) फिरवा, म्हणजे फटी मोकळ्या होऊन पेस्ट आत शिरते.

झायलिटॉल: जंतू ते खातात पण त्यातून आम्ल करू शकत नाहीत. फिनलंडमध्ये तुर्कू इथे १९७० च्या दशकात यावरचा पायाभूत अभ्यास झाला. दिवसभरात मिळून ५ ते १० ग्रॅम, तीन ते पाच वेळांत वाटून, खाण्यानंतर. च्युइंगम घेत असाल तर घटकांच्या यादीत झायलिटॉल पहिलं असलं पाहिजे. सॉर्बिटॉल पहिलं आणि झायलिटॉल शेपटाला असेल तर मात्रा भरणार नाही. १० ते २० मिनिटं चघळा. निम्मा फायदा चघळण्याने वाढलेल्या लाळेचा असतो. एकदम जास्त घेतलं तर पोट बिघडतं. घरात कुत्रा असेल तर त्याच्या तोंडी लागू देऊ नका, थोडंसंही जीवघेणं ठरतं.

राहिला साखरेचा मुद्दा. किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे जास्त भारी पडतं. गोड तोंडात गेल्यावर काही मिनिटांत पीएच घसरतो आणि पूर्वपदावर यायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. साखरेचा चहा दहा मिनिटांत संपवला तर एकच घसरण. तोच कप टेबलावर ठेवून दोन तास घोट घोट घेतला तर पीएच वर यायला फुरसतच नाही. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म इथे १९४५ नंतर झालेल्या प्रयोगात हेच दिसलं. चिकट टॉफ्या जेवणांच्या मधल्या वेळी खाणाऱ्यांचे दात सगळ्यात जास्त किडले, तीच साखर जेवणाबरोबर घेणाऱ्यांचे बरेच कमी. तो प्रयोग बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या रुग्णालयातल्या लोकांवर त्यांच्या संमतीशिवाय केला गेला होता. या माहितीची किंमत त्यांनी आपल्या दातांनी मोजली आहे, हे विसरू नये. जेवणाच्या शेवटी चीजचा तुकडा चघळणं खरंच उपयोगी: लाळ सुटते, कॅल्शियम-फॉस्फेट मिळतं, पीएच चढतो.

निळा_पारवा

आहाराने कीड उलटते, धान्य-कडधान्य बंद करा, ड आणि के२ जीवनसत्त्व घ्या, असं ठामपणे लिहिलेलं वाचलंय. त्यात कितपत तथ्य? शिवाय चार वर्षांच्या मुलाला हाच क्रम चालेल का?

दंतपंक्ती

त्याचं एक मूळ बरंच जुनं आहे. ब्रिटनमध्ये मे मेलनबी यांनी १९२० आणि ३० च्या दशकांत मुलांवर अभ्यास केले. ड जीवनसत्त्व वाढवलं आणि धान्य काढलं, तेव्हा नवी कीड कमी झाली आणि काही जुनी कीड थांबून टणक झाली, असं त्यांना आढळलं. निरीक्षण खरं मानलं तरी त्यातून निघतं एवढंच: कीड थांबू शकते. खड्डे भरून आले, असं नव्हे. धान्य काढलं की पिठूळ पदार्थ आपोआप घटतात, हाही भाग त्यात आहेच. मूल वाढत असताना, हिरडीच्या आत दात घडत असताना ड जीवनसत्त्वाची कमतरता नक्की भोवते. उगवलेल्या दाताला मात्र बाहेरचं खनिज लाळेतून मिळतं. कॅल्शियमच्या गोळ्या गिळून पांढरा डाग जात नाही. कमतरता रक्ततपासणीत दिसली तर ती जरूर भरून काढा, शरीरासाठी. डागासाठी धान्य सोडण्याची गरज नाही.

मुलांसाठी क्रम तोच, मात्रा वेगळी. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. पेस्ट मोठ्या माणसाने लावून द्यावी आणि ब्रशही त्यानेच करावा, कारण या वयात मुलाच्या हाताला ते जमत नाही. चव आवडते म्हणून मूल पेस्ट चाटत असेल तर ट्यूब हाताशी ठेवू नका. महिन्यातून एकदा वरचा ओठ उचलून पुढच्या दातांची हिरडीलगतची कड उजेडात बघा, दुधाच्या दातांची कीड बहुधा तिथूनच सुरू होते. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं हे तिचं नेहमीचं कारण. दुधाच्या दातांचं इनॅमल पातळ असतं, त्यामुळे मोठ्यांमध्ये जे वर्षानुवर्षं रेंगाळतं ते मुलांमध्ये काही महिन्यांत खड्ड्यावर जातं. मुलाचा डाग 'बघू' म्हणून ठेवू नका. दवाखान्यात ५ टक्के सोडियम फ्लोराइडचा वॉर्निश (दातावर चिकटून राहणारा लेप) लावून घ्या, दर तीन ते सहा महिन्यांनी. पाच मिनिटांचं काम आहे. केतकीताई, तो तुम्हालाही चालेल.

केतकी_०७

समजलं. शेवटचं एक: सुधारतंय की बिघडतंय हे घरी कसं ओळखायचं?

रसायनी

ब्रश करून, ओठ बाजूला धरून, कापसाने दात टिपून घ्या. पाच-दहा सेकंद हवेवर वाळू द्या आणि फोटो काढा. दर चार आठवड्यांनी, तीच खिडकी, तीच वेळ, फ्लॅश बंद. रोज बघून काही कळत नाही, नुसती काळजी वाढते. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात.

डाग पूर्ण नाहीसा होईलच असं नाही आणि तेच एकमेव यश नव्हे. आधी बघायची ती चकाकी. चालू असलेली कीड निस्तेज, खडूसारखी दिसते. थांबलेली कीड काचेसारखी चमकते, मग रंग पांढरा राहो वा तपकिरी होवो. तपकिरी झाली म्हणून घाबरू नका, छिद्रांत चहा-कॉफीचा रंग बसून मग वरून खनिजाने ती बंद होतात. दुसरी खूण हिरडीची: ब्रश करताना रक्त येणं थांबलं, सूज ओसरली की हिरडीची कड जरा मागे सरते आणि डाग तिच्यापासून किंचित सुटा दिसू लागतो. म्हणजे तिथे आता थर साचत नाहीये. डाग थांबला पण समोरच्या दातावर तो नको वाटतोय, तर पातळ रेझिन (राळेसारखं द्रव्य) छिद्रांत मुरवून तो लपवता येतो, ड्रिल न लावता.

सहा महिने थांबू नये अशी लक्षणं: डागाच्या मधोमध राखाडी छटा, कडेला टवका, गोड लागलं की कळ, थंड लागल्यावर ती कळ बराच वेळ टिकणं, रात्रीचा ठणका. दोन दातांच्या मधली कीड तर या फोटोत येणारच नाही, तिला बाइटविंग, म्हणजे दातांमधल्या फटी दाखवणारा, एक्स-रे लागतो. एकाच फटीत फ्लॉसचा धागा दरवेळी उसवत असेल किंवा घास तिथेच अडकत असेल, तर ती फट कुठली ते लिहून ठेवा आणि एक्स-रे काढताना आवर्जून सांगा.